ताशी ७९ मैल

२००३च्या उन्हाळ्यात माझे मामा मुंबईहून आमच्याकडे सिअ‍ॅटलला राहायला आले होते. डोंगर, धबधबा, मासळीबाजार असे सगळे दाखवून झाल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना मरिनर्सच्या बेसबॉल सामन्याला घेऊन गेले. मैदानालगतच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचा लांबलचक भोंगा अधूनमधून प्रेक्षकांच्या आरडाओरड्यावरही मात करत होता, लसूण घालून तळलेल्या बटाट्यांचा वास जिन्यापासूनच नाकात शिरला होता, आणि ऐन उन्हाळ्यातही ऊन उतरताच मामांनी स्वेटर निमूटपणे अंगात चढवला होता. मामा तरुणपणी कांगा लीग खेळलेले. भर पावसाळ्यात, वाढलेल्या गवतात चेंडू शोधावा लागतो अशा मैदानांवर त्यांनी ऑफस्पिन टाकलेली. त्यामुळे त्यांचे लक्ष खेळाच्या नियमांपेक्षा टाकणाऱ्याच्या हाताकडे अधिक होते. मरिनर्सकडून त्या दिवशी जेमी मोयर हा डावखुरा पिचर टाकत होता. प्रत्येक चेंडूनंतर फलकावर त्याचा वेग उमटायचा: ८१, ७२, ८२, ७१. मामांनी मनातल्या मनात मैलांचे किलोमीटर केले आणि विचारले, "काय गं, हा यांचा मुख्य गोलंदाज? आमच्याकडे याला मध्यमगती म्हणायलाही लोक कचरतील." मोयर चाळीस वर्षांचा आहे, असे मी सांगितले. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "चाळीस? मग आता पुरे म्हणून याला कुणी सांगत कसं नाही?"

तो प्रश्न पुढे बरीच वर्षे माझ्या डोक्यातून गेला नाही.

मामांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता. वेळेवर थांबणे हा मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढलेल्या पिढीच्या दृष्टीने सभ्यतेचाच भाग असतो. लोक 'का थांबलात' असे विचारत असतानाच थांबावे, 'का थांबत नाही' असे विचारू लागेपर्यंत रेंगाळू नये, हे विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाणारे वचन मामांच्या तोंडी नेहमी असे. मार्च १९८७ मध्ये बंगळुरूच्या हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा करून सुनील गावसकर कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. ती खेळी मामा एखाद्या बैठकीची आठवण सांगावी तशी सावकाश रंगवून सांगत, आणि शेवटी शतक हुकल्याची हळहळ न करता गावसकरांच्या जाण्याचेच कौतुक करत. त्यांनी स्वतःही पस्तिशी उलटायच्या आत खेळाचे बूट कायमचे ठेवून दिले होते. अशा माणसाला फलकावरचे ते ७१ आणि ७२ चे आकडे कसे दिसले असतील, हे मी समजू शकते. गंमत अशी की मामांनी ज्या वर्षी हा प्रश्न विचारला, त्याच वर्षी मोयरने २१ सामने जिंकले आणि फक्त ७ गमावले, आणि हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड झाली ती आयुष्यात पहिल्यांदा.

बेसबॉलमध्ये पिचर होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, साडेसाठ फुटांवर उभा असतो. ताशी ९५ मैलांचा चेंडू हे अंतर सुमारे चार दशांश सेकंदात कापतो, आणि बॅट फिरवायची की नाही हे चेंडू वाटेत असतानाच ठरवावे लागते. म्हणजे फलंदाज चेंडू शेवटपर्यंत पाहून मारत नसतो. तो अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाचा मोठा आधार असतो पिचरच्या हाताचा वेग. मोयरची सगळी विद्या या अंदाजाशी खेळण्यात होती. चेंजअप टाकताना चेंडू बोटांच्या टोकांवर न ठेवता तळहातात खोल धरतात. त्यामुळे हात नेहमीच्याच झपाट्याने फिरतो, पण चेंडू सुमारे दहा मैलांनी हळू निघतो. दणकट खांद्यांचे, विशीतले फलंदाज चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळे होत, आणि मग आपल्यालाच शिव्या घालत डगआउटकडे चालू लागत. वरच्या मजल्यावरून पाहताना काहीच विशेष घडत नाही असे वाटे. मला मात्र त्या संध्याकाळी दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटले होते. ८१ मैलांचा, म्हणजे त्या पातळीवर अगदी मऊ समजला जाणारा चेंडू तो फलंदाजाच्या अंगालगत, आतल्या कोपऱ्यात टाकत होता. जरा इकडेतिकडे झाला, की तो प्रेक्षकांत जाणार हे त्यालाही ठाऊक होते. ९८ मैलांनी टाकणाऱ्याच्या धैर्याची चर्चा फार होते. या धैर्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, कारण ते दिसायला भित्रेपणासारखे दिसते.

पुढे मी मोयरविषयी वाचत गेले तसे लक्षात आले, की मामांचा प्रश्न मुळात चुकीच्या वेळी विचारला गेला होता. 'आता पुरे' हे मोयरला सांगून झालेले होते, तेही तो तिशीच्या आत असताना. शिकागो कब्जने त्याला १९८४ मध्ये निवडले. १६ जून १९८६ रोजी, २३ व्या वर्षी, तो रिगली फील्डवर पहिला सामना खेळला आणि जिंकला. समोर फिलाडेल्फियाकडून टाकत होता स्टीव्ह कार्ल्टन, पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावात वाढलेल्या मोयरचे लहानपणीचे दैवत. कार्ल्टन तेव्हा ४१ वर्षांचा होता, आणि त्याच महिन्यात फिलाडेल्फियाने त्याला मोकळे केले. त्यानंतर कार्ल्टन चार संघांच्या दारांत उभा राहिला आणि १९८८ मध्ये कुणालाच नकोसा होऊन थांबला. आपल्या दैवताचा असा शेवट अगदी पहिल्या पावलाला पाहिलेल्या तरुणाने त्यातून कोणता धडा घ्यायला हवा होता, हे मामांनी एका क्षणात सांगितले असते. मोयरने तो घेतला नाही.

घ्यायला त्याच्याकडे कारणे भरपूर होती. कब्जने त्याला टेक्ससला दिले, टेक्ससने सोडले, सेंट लुइसमध्ये तो १९९१ साली पाच सामने हरला आणि एकही जिंकला नाही. तोवरचा त्याचा हिशेब होता ३४ विजय आणि ५४ पराभव. १९९२च्या सरावशिबिरात कब्जनेच त्याला पुन्हा काढले आणि वर प्रशिक्षकाची नोकरी देऊ केली. हा प्रस्ताव सभ्य होता, अपमानाचा नव्हता, आणि म्हणूनच नाकारायला अवघड होता. तो २९ वर्षांचा होता, घरी लहान मुले होती. त्याने नोकरी नाकारली आणि डेट्रॉइटच्या हाताखालच्या टोलीडोच्या संघात, म्हणजे मायनर लीगमध्ये, एक अख्खे वर्ष काढले. याच सुमारास तो हार्वी डॉर्फमन या मानसशास्त्राच्या जाणकाराकडे जाऊ लागला होता. १९९३ मध्ये बाल्टिमोरने त्याला वर आणले. कारकिर्दीअखेर मोयरच्या नावावर २६९ विजय लागले. त्यांतले २३५ या प्रसंगानंतरचे. शहाण्यासुरत्या लोकांनी 'थांब' असे सांगितले आणि ते साफ चुकले, असा अनुभव ज्याला तिशीच्या उंबरठ्यावर येतो, त्याला पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी तेच शब्द ऐकू तरी कसे यावेत?

टेक्ससच्या दोन वर्षांत मोयरचा सहकारी होता नोलन रायन. म्हातारपणी पराक्रम करणाऱ्या पिचरचे नाव घ्या म्हटले, तर अमेरिकेत बहुतेकजण रायनचेच घेतील. १ मे १९९१ रोजी, ४४ व्या वर्षी, त्याने आपला सातवा नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही हिट, फटक्याच्या बळावर बेस गाठणे, मिळू दिली नाही. त्या विक्रमाच्या जवळपासही कुणी गेलेले नाही. सिअ‍ॅटलमध्ये मोयरचा सहकारी झाला रँडी जॉन्सन, तोही डावखुरा, मोयरपेक्षा दहा महिन्यांनी लहान, सहा फूट दहा इंच उंच, आणि मे २००४ मध्ये ४० व्या वर्षी परफेक्ट गेम टाकणारा, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देणारा. या दोघांचे मोठेपण कळायला काहीच सायास पडत नाहीत. वयाने त्यांच्यापासून जे हिरावून घ्यायला हवे होते, ते घेतलेच नाही, म्हणून आपण थक्क होतो. रायनचा शेवटही त्याला साजेसा झाला: २२ सप्टेंबर १९९३ रोजी सिअ‍ॅटलच्याच जुन्या किंगडोम मैदानावर टाकता टाकता त्याच्या कोपरातला अस्थिबंध तुटला, आणि तो चालत बाहेर गेला. मोयरपाशी मात्र हिरावून घेण्यासारखे फारसे काही नव्हतेच. त्याच्या समवयस्कांचा वेग पस्तिशीत ओसरू लागला, तेव्हा त्यांना प्रथमच वेगाशिवाय जगायला शिकावे लागले. मोयर ते पहिल्या दिवसापासून करत आला होता.

पण हे लिहिताना मी त्याच्या बाजूने जरा जास्तच झुकते आहे, याची मला जाणीव आहे. मोयरच्या नावावर आणखी एक विक्रम आहे. इतिहासात सर्वांत जास्त होमरन, म्हणजे थेट प्रेक्षकांत जाणारे फटके, दिलेला पिचर तोच, एकूण ५२२. एकट्या २००४ मध्ये, मामांनी त्याला पाहिल्याच्या पुढच्याच वर्षी, त्याने ४४ होमरन दिले आणि १३ सामने हरला. त्या उन्हाळ्यात मी दोनतीनदा मैदानावर गेले होते, आणि टाकल्या क्षणीच चुकलेला चेंडू, बॅटचा तो कोरडा, भरीव आवाज आणि पाठोपाठ घरच्याच प्रेक्षकांत पसरणारी चुळबुळ मला आठवते. मोयर चेंडूकडे वळून बघत नसे. कॅचरकडून नवा चेंडू घेऊन तो दोन्ही हातांनी चोळत उभा राही. त्याच्या आधी हा नकोसा विक्रम रॉबिन रॉबर्ट्स या फिलाडेल्फियाच्या थोर पिचरच्या नावावर होता, ५०५ होमरनचा. रॉबर्ट्स ६ मे २०१० रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी, ७ मेला, ४७ वर्षांच्या मोयरने फिलाडेल्फियाकडून खेळताना अटलांटाला दोन हिटवर रोखून शून्यावर गुंडाळले. एवढ्या वयात असा सामना आजवर दुसऱ्या कुणी टाकलेला नाही. आणि २७ जूनला व्हर्नन वेल्सने त्याला ५०६वा होमरन मारला. सात आठवड्यांच्या अंतरात एकाच माणसाच्या नावावर अभिमानाचा आणि लाजेचा असे दोन विक्रम लागले. दोन्हींचे मूळ अर्थातच एक होते: इतकी वर्षे कुणी टाकतच राहत नाही.

फिलाडेल्फियात तो २००६ मध्ये गेला, म्हणजे घरीच गेला. १९८० साली याच संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा शाळा बुडवून तो विजययात्रा पाहायला गेला होता. २००८च्या वर्ल्ड सिरीजमधला तिसरा सामना पावसामुळे रात्री दहानंतर सुरू झाला, आणि पोट बिघडलेल्या अवस्थेत ४५ वर्षांचा मोयर नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला. फिलाडेल्फियाने ती मालिका जिंकली. गोष्ट लिहिणाऱ्याने इथे लेखणी खाली ठेवली असती. मामांनाही हा शेवट चालला असता, मी फोनवर सांगितले, तेव्हा ते खुशीत म्हणाले होते, "चला, आता तरी सुखाने घरी बसेल." मोयर बसला नाही. जुलै २०१० मध्ये त्याचे डावे कोपर दुखावले. ते बरे झाले का हे पाहण्यासाठी तो हिवाळ्यात डॉमिनिकन प्रजासत्ताकात टाकायला गेला आणि तिथे अस्थिबंध पुरता फाटला. रायनचा गेला होता तोच. डिसेंबरमध्ये, ४८ व्या वर्षी, त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. या शस्त्रक्रियेत शरीरातलाच दुसरा स्नायुबंध काढून कोपरात ओवतात. १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती प्रथम झाली आणि तेव्हापासून त्याच्याच नावाने ओळखली जाते. विशीतल्या मुलालाही तिच्यानंतर साधारण वर्षभर वाट पाहावी लागते. मोयरने २०११चा हंगाम टीव्हीवर समालोचन करत काढला, आणि २०१२च्या जानेवारीत कोलोरॅडो रॉकीजने त्याला सरावशिबिराला बोलावले, तेही मायनर लीगच्या करारावर. संघात जागा मिळेल याची हमी नव्हती. ती त्याने टाकून मिळवली.

आणि कोलोरॅडो म्हणजे मोयरसारख्या पिचरने स्वप्नातही मागू नये अशी जागा. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंचीवर आहे. वरच्या मजल्यावरची जांभळ्या खुर्च्यांची एक रांग नेमकी त्या उंचीची खूण म्हणून बसवलेली आहे. तिथल्या विरळ हवेत मारलेला चेंडू अधिक लांब जातो आणि टाकलेला चेंडू कमी वळतो. चेंडू कोरडे पडून आणखी उडू नयेत म्हणून २००२ पासून ते दमट खोलीत साठवतात, तरीही पिचर त्या मैदानाला वचकूनच असतात. तिथे १७ एप्रिल २०१२ रोजी, मंगळवारी रात्री, सॅन डिएगो पाड्रेससमोर मोयर हंगामातल्या तिसऱ्या सामन्यासाठी उभा राहिला. आधीचे दोन तो हरला होता. मी घरी संगणकावर हा सामना पाहत होते. पाड्रेसच्या संघात कॅमेरॉन मेबिन, योंडर अलोन्सो असे फलंदाज होते, जे १९८७ मध्ये जन्मले, म्हणजे मोयरने कार्ल्टनला हरवले तेव्हा या जगात आलेलेही नव्हते. त्या रात्री मोयरचा एकही चेंडू ताशी ७९ मैलांच्या वर गेला नाही. किलोमीटरमध्ये सांगायचे तर १२७. सात इनिंग, सहा हिट, दोन धावा, आणि त्या दोन्ही क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे झालेल्या, म्हणजे पिचरच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या. फलंदाज जमिनीवर चेंडू मारत होते, उंच पण आखूड झेल देत होते, आणि परत जाताना मान हलवत होते. रॉकीज ५-३ असे जिंकले. ४९ वर्षे आणि १५१ दिवस वयाचा मोयर हा मोठ्या लीगमधला सामना जिंकणारा सर्वांत वयस्कर पिचर ठरला.

रात्रीच मामांना फोन केला. मुंबईत सकाळ होती. पलीकडून प्रथम एकच शब्द आला: "अजून?"

त्या रात्री मोडलेला विक्रम १९३२ पासून टिकून होता. तो होता जॅक क्विनचा. आजच्या स्लोव्हाकियात जन्मलेल्या या पिचरने ब्रुकलिनकडून तो केला होता. क्विन थुंकी लावून चेंडू टाकणाऱ्यांपैकी होता. १९२० मध्ये या चेंडूवर बंदी आली, पण ज्यांचे पोट त्यावरच होते अशा १७ जणांना निवृत्त होईपर्यंत तो टाकण्याची मुभा दिली गेली, आणि क्विन त्यांतला एक. म्हणजे विक्रम एका हळू टाकणाऱ्याकडे आला, तोही थुंकीवर तगलेल्याकडून. वेगवान माणूस या वंशावळीत कुठेच नाही. या यादीत जे नाव नाही ते मला अधिक अस्वस्थ करते. सॅचेल पेज १९६५ मध्ये कॅन्सस सिटीकडून तीन इनिंग टाकायला उतरला तेव्हा ५९ वर्षांचा होता. त्याने एकच हिट दिली आणि धाव एकही दिली नाही. पण तीनच इनिंग टाकल्यावर सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या नावे विजय लिहीत नाहीत. शिवाय त्या संघाच्या मालकाने त्याला मैदानाच्या कडेला झुलत्या खुर्चीत बसवले होते, शेजारी गणवेशातली परिचारिका उभी केली होती, म्हणजे लोकांनी हसायला यावे. पेजची ऐन उमेदीची वर्षे कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगचे दरवाजे बंद असताना गेली. त्याला १९४८ मध्ये आत घेतले तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. त्याच्या वयाची जत्रा त्याच लोकांनी भरवली, ज्यांनी त्याचे तारुण्य वाया घालवले होते. मोयरच्या बाबतीत मला बरे वाटते ते हेच, की डेन्व्हरला त्याला कुणी शोभेसाठी ठेवले नव्हते. त्या संघाकडे पिचर कमी होते, आणि त्याने टाकले नसते तर त्याला एप्रिलमध्येच घरी पाठवले असते.

पाठवलेच, फक्त थोडे उशिरा. १६ मेला अ‍ॅरिझोनाविरुद्ध तो आणखी एक सामना जिंकला, आणि त्या काळी कोलोरॅडो खेळत असलेल्या नॅशनल लीगमध्ये पिचरलाही बॅट घेऊन उभे राहावे लागत असल्याने त्याच सामन्यात त्याने एका हिटवर दोन धावा मिळवून दिल्या. अशी धाव मिळवून देणारा सर्वांत वयस्कर खेळाडूही तोच. हा त्याचा २६९वा आणि अखेरचा विजय. त्यापुढच्या सामन्यांत फलंदाजांनी त्याला बदडले, आणि जूनच्या सुरुवातीला, दोन विजय आणि पाच पराभव या हिशेबावर, रॉकीजने त्याला मोकळे केले.

विक्रमाच्या बातम्या इथेच संपतात. माझ्या मनात मात्र त्यानंतरचे आठवडे अधिक घोळतात. मोयर बाल्टिमोरच्या हाताखालच्या नॉरफोक संघात गेला, म्हणजे वीस वर्षांपूर्वी टोलीडोत होता त्याच पायरीवर. तिथे त्याने उत्तम टाकले, तरी बाल्टिमोरने वर बोलावले नाही. मग तो टोरांटोच्या हाताखालच्या लास वेगासला गेला. तिथे त्याला मार पडला आणि जुलैमध्ये तेही संपले. विक्रम झालेला होता, पैसा होता, वर्ल्ड सिरीजची अंगठी होती. नॉरफोकला जाऊन त्यात कशाचीही भर पडणार नव्हती. तरीही पन्नाशीला पाच महिने उरलेला माणूस, आठ मोठ्या संघांचे कपडे घालून झालेला, मायनर लीगमधल्या पोरांना चेंजअप टाकायला गेला, आणि त्या पोरांना तो मारता आला नाही याचा त्याला आनंद झाला असणार, असे मला खात्रीने वाटते. याचे मला फार कौतुक वाटते. थोडी भीतीही वाटते.